गुडघा दुखत नाही, मग गाडी का नको?

वाचकाचं पत्र :

ताई, मी कोरेगावचा. वय २६, साताऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. गेल्या डिसेंबरात कच्च्या रस्त्यावर डर्ट बाइक चालवताना डाव्या वळणावर पाय खाली टेकवला. तो चाकोरीत अडकला, गाडी पुढं गेली आणि गुडघ्यात कट्टकन आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं आणि मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, फाटलेली निघाली. जानेवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीमागची शीर काढून नवीन लिगामेंट केलं, गादीला टाके घातले. आता पाच महिने झालेत. गुडघा अजिबात दुखत नाही. स्कूटर चालवतो, जिने चढतो. फिजिओ तिसऱ्या महिन्यात बंद केली, कारण सारखं साताऱ्याला येणं आणि त्याचा खर्च जमेना. ऑगस्टमध्ये आमच्या ग्रुपची चिखलातली राइड आहे. मित्र म्हणतात, चांगला ब्रेस घाल आणि ये. डॉक्टर म्हणतात, नऊ महिने थांब. आईनं तर किल्लीच लपवून ठेवलीय, म्हणते गाडी विकून टाक. गाडीकडं बघितलं की हात शिवशिवतात, आणि खरं सांगायचं तर पोटात गोळाही येतो. जाऊ का राइडला? पुन्हा पहिल्यासारखी गाडी चालवता येईल का?

उत्तर :

ऑगस्टच्या राइडला गाडी घेऊन जाऊ नकोस. आणि गाडी विकूही नकोस. तुझ्या वयाची, तुझ्यासारखंच ऑपरेशन झालेली पुष्कळ मुलं खेळात परत येतात, तूही येशील. पण आज तू ज्या गोष्टीवर विसंबून निर्णय घ्यायला निघालायस, ती गोष्टच चुकीची आहे. ‘गुडघा अजिबात दुखत नाही’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याबद्दलच आधी बोलूया.

ऑपरेशनमध्ये तुझ्या मांडीच्या मागून जी शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढली, तिचा रक्तपुरवठा काढताक्षणीच तुटला. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून ती आत बसवली. त्यानंतर शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, जुन्या पेशी मरतात, नव्या येतात, धाग्यांची सगळी रचना बदलते. या उलथापालथीत ती शीर आधी कमजोर होते आणि मग हळूहळू घट्ट होत जाते. भाताची लावणी बघितली असशील. रोप उपटून दुसरीकडं लावलं की आधी पिवळं पडतं, मान टाकतं, मग मूळ धरतं. ग्राफ्टचं, म्हणजे आत बसवलेल्या या शिरेचं, तसंच आहे. साधारण दुसरा-तिसरा महिना त्याचा सगळ्यात नाजूक काळ, आणि पुरतं तयार व्हायला वर्ष लागतं, कुणाला त्याहून जास्त. आता हे वेळापत्रक तुझ्या दुखण्याशी ताडून बघ. टाके वाळतात, सूज उतरते, दुखणं थांबतं आणि माणूस कामावर जायला लागतो, ते सगळं पहिल्या तीन महिन्यांतच. म्हणजे गुडघा दुखायचा थांबतो तेव्हा आतलं लिगामेंट अजून धरायचंच असतं. ते किती ताण सोसेल हे दुखण्यावरून कळत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेले नऊ महिने हवेतून आलेले नाहीत. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एसीएलचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला आणि २०१६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. खेळात परतायला नऊ महिन्यांपर्यंत जितके महिने थांबलं, त्या प्रत्येक महिन्यामागं गुडघ्याला पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण निम्म्यानं, नेमकं सांगायचं तर ५१ टक्क्यांनी, कमी झालेलं दिसलं. त्याच अभ्यासात दुसरी एक गोष्ट होती, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. परतण्याआधी ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या ज्यांनी पार केल्या, त्यांच्यापैकी ५.६ टक्के लोकांना पुन्हा दुखापत झाली. ज्यांनी त्या पार न करताच खेळ सुरू केला, त्यांच्यात हेच प्रमाण ३८.२ टक्के होतं. हा अभ्यास फुटबॉल, हँडबॉल अशा उड्या आणि गिरक्यांच्या खेळांतल्या लोकांवरचा आहे, डर्ट बाइकवाल्यांवरचा नव्हे. पण तुझा पाय चाकोरीत अडकून गुडघा फिरला तो प्रकार याच जातीचा आहे, म्हणून तुलाही तो लागू आहे असं मी धरते.

तेव्हा नुसतं कॅलेंडर बघून भागणार नाही. मांडी बघायला हवी.

आज रात्री खोलीतला दिवा नीट लावून पलंगावर दोन्ही पाय सरळ ठेवून बस. आधी गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला, पडणारी खळी बघ. उजव्या गुडघ्याला ती दिसेल. डाव्याला दिसते का? दिसत नसेल तर आत पाणी असू शकतं. त्या खळीच्या जागेवरून तळहात खालून वर, मांडीकडं, दोन-तीनदा फिरव आणि मग वाटीच्या बाहेरच्या बाजूनं वरून खाली फिरव. आतल्या बाजूला हळूच फुगवटा आला तर पाणी आहे. गुडघ्यात पाणी असेल तोवर मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला पूर्ण काम करूच देत नाही, तू कितीही जोर लाव. म्हणून व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही खळी रोज बघायची. गेलेली दिसली तर कालचा व्यायाम जास्त झाला, आज कमी कर. दुखण्यापेक्षा ही खूण जास्त भरवशाची आहे.

मग दोन्ही टाचांखाली उशी घे आणि गुडघे सैल सोड. डावा गुडघा उजव्याइतकाच सरळ होतो का? बोटभर जरी कमी होत असेल तर ते पुढच्या महिन्यावर टाकू नकोस, लगेच सर्जनला दाखव. वाकणं मागाहून वाढवता येतं, पण राहून गेलेलं सरळ होणं जितकं जुनं होतं तितकं अवघड होत जातं.

शेवटची परीक्षा खुर्चीवरची. नेहमीच्या उंचीच्या खुर्चीवर बस, हात छातीशी घे आणि आधी एकट्या उजव्या पायावर उठून सावकाश बस. किती वेळा जमतं ते मोज. मग डाव्यावर कर, जवळ कुणाला तरी उभं करून. किती वेळा जमलं याइतकंच कसं जमलं तेही बघ. गुडघा आत कोसळतो का, खाली बसताना धपकन पडतोस का, कंबर एका बाजूला कलते का. फिजिओ बंद करून दोन महिने झालेल्या माणसाची डावी मांडी बरीच मागं असते, हा माझा रोजचा अनुभव आहे. कबड्डीची आणि कुस्तीची जी पोरं माझ्याकडं येतात त्यांची मांडी मी टेपनं मोजते तेव्हा त्यांना स्वतःलाच धक्का बसतो, कारण चालताना काहीच जाणवत नसतं. स्कूटर चालवणं आणि जिने चढणं याला मांडीची जेमतेम ताकद पुरते. डर्ट बाइकला ती पुरत नाही. ऑपरेशन झालेल्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के झाल्याशिवाय आणि एका पायावरच्या उडीचं अंतरही तितकं भरल्याशिवाय कच्च्या रस्त्यावर जायचं नाही. या उड्या घरच्या घरी करून बघू नकोस, त्या फिजिओसमोरच करायच्या.

खर्चाचं तू लिहिलंस ते मी समजू शकते. कोरेगावहून येणं-जाणं, सुट्टी, फी, सगळंच आलं. पण आता तुला रोज येऊन मशीन लावून घ्यायची गरजच नाही. पंधरा दिवसांतून एकदा ये, ताकद तपासून घे, पुढच्या पंधरा दिवसांचे व्यायाम लिहून घे आणि घरी कर. फिजिओला तोंडावर सांग की माझ्याच्यानं एवढंच जमेल. चांगला फिजिओ त्यावरून आखणी करतो. घरी ओट्याची पायरी आहे, पाठीवर अडकवायची सॅक आहे, सॅकमध्ये घालायला गहू-ज्वारी आहे. एका पायावर पायरीवरून सावकाश खाली उतरणं, पाय पुढं-मागं ठेवून बैठक, पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं, एका पायावर टाचा उचलणं, एवढ्यानं बरंच काम होतं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. आठ-दहा वेळा केल्यावर आणखी दोनच जमतील इतकं वजन असलं पाहिजे; हसत-खेळत वीस वेळा होत असेल तर त्यानं ताकद वाढत नाही. तुझं ग्राफ्ट मांडीमागून घेतलंय, म्हणून मागच्या स्नायूंकडं कानाडोळा करू नकोस. नडगीला पुढं सरकू न देण्यात तेच एसीएलचे सोबती आहेत. जिममध्ये पाय सरळ करायचं मशीन असतं, ते किती वाकवून आणि किती वजनानं वापरायचं हे सर्जनला विचारूनच ठरव. गादीला टाके आहेत, त्यामुळं वजन घेऊन खोल बैठका, उकिडवं बसणं, मांडी घालून बसणं हेही त्यांनी मोकळीक दिल्यावरच. अजिंक्यतारा चढून जायला हरकत नाही, मात्र सुरुवातीला डांबरी रस्त्यानं जा आणि उतरताना घाई करू नकोस. खरा भार उतरतानाच येतो. आणि कुणी कितीही आग्रह केला तरी गुडघा ओढून, पिळून मालीश करून घेऊ नकोस. हे कळवळून सांगते, कारण गावाकडं हा सल्ला हमखास मिळतो.

आता गाडीबद्दल. तुझं ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं आहे, आणि आपल्याकडं मोटरसायकलवर डाव्या पायाला किती काम असतं हे आपल्या लक्षातही येत नाही. साइड स्टँड डावीकडं, म्हणून आपण डावीकडूनच चढतो. डावा पाय जमिनीत रोवायचा, उजवा सीटवरून पलीकडं टाकायचा. त्या क्षणी सगळं वजन डाव्या पायावर असतं, पाऊल खाली घट्ट आणि धड वर फिरत असतं. ज्या हालचालीनं एसीएल तुटतं तीच ही हालचाल, फक्त सावकाश होते. डर्ट बाइकची सीट उंच, त्यामुळं पिळ आणखी वाढतो. किक मारायची तर तीच गत, उजव्या पायानं किक आणि सगळा तोल डाव्यावर, तेही उतारावर. गाडी थांबवताना उजवा पाय ब्रेकवर, म्हणून खाली टेकतो तो डावाच. तेव्हा परत सुरू करशील तेव्हा या सवयी आधी बदल. चढताना डावं पाऊल गाडीच्या दिशेनं वळवून ठेव किंवा पायाखाली दगड, पायरी घे. गाडी सेल्फनंच चालू कर. थांबताना पुढचा ब्रेक हातानं धर आणि उजवा पाय टेकव, शक्यतो जिथं उजवीकडची जमीन उंच आहे तिथं.

वळणावरचा पाय ही मुख्य गोष्ट. गाडी घसरते असं वाटलं की आपण घाबरून पाय बाजूला खाली खुपसतो. गाडी दीडशे किलोची, ती पुढं जातच असते, आणि पाऊल चाकोरीत किंवा दगडाच्या सांध्यात अडकून मागं राहतं. मग जे तुटायचं ते तुटतं. जाड, ताठ बूट घोट्याला वाचवतात, पण घोटा वळेना की पिळ वर गुडघ्यात जातो. म्हणून बूट घातले म्हणजे निर्धास्त झालो असं नाही. वळणावर पाय बाहेर काढायचाच असेल तर तो पुढं, पुढच्या चाकाकडं, गुडघा थोडा वाकलेला, चवडा वर. खाली दाबायचा नाही, जमिनीवरून नुसता सरकू द्यायचा. अडकलाच तर मागं ओढला जायच्या आधी उचलता येतो. हे डोक्याला कळतं, पायाला कळायला शेकडो वेळा करावं लागतं, आणि ते करायची जागा म्हणजे सपाट मुरमाड मैदान आणि सावकाश गाडी. आणखी एक : पाय खुपसला जातो तो बहुतेक वेळा दमल्यावर. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंट्यांवर, अर्धवट वाकून उभं राहायला मांडी लागते. ती थकली की माणूस सीटवर बसतो, आणि बसला की प्रत्येक हिसक्याला पाय बाहेर येतो. म्हणून मांडी मांडी करतेय मी.

ब्रेसचं तुझ्या मित्रांना सांग. मेडिकलमध्ये मिळणारी नी कॅप गुडघ्याला ऊब देते, लिगामेंटला वाचवत नाही. हॉस्पिटलमधून दिलेला लांब पट्टा चालण्यासाठी होता, गाडीसाठी नव्हे. मोटोक्रॉसचे बिजागरीचे खास ब्रेस येतात, ते गुडघा उलटा जाऊ देत नाहीत आणि बाजूला मोडण्यापासून बराच आधार देतात. पिळ मात्र त्यांनाही पूर्ण थांबवता येत नाही. परत सुरू करशील तेव्हा तो जरूर घे. दोन्ही पायांना घे, कारण एका पायाचं एसीएल तुटलेल्या माणसाच्या दुसऱ्या गुडघ्यालाही धोका जास्तच असतो. माप देऊन, बुटावर बसतो का ते बघून घे. पण सहाव्या-सातव्या महिन्यात परतायचा परवाना म्हणून तो घालू नकोस.

तुमच्यातला कुणी ‘मी सहाव्या महिन्यात चालवली, काही झालं नाही’ असं म्हणेलच. त्याला काही झालं नाही, चांगलं झालं. पण तुझ्या गादीला टाके आहेत. ग्राफ्ट तुटताना ते टाकेही जाऊ शकतात. दुसरं ऑपरेशन पहिल्याइतकं चांगलं निघत नाही, आणि गादी काढावी लागली तर चाळिशीतच गुडघा झिजायला लागू शकतो. २६ व्या वर्षी एका राइडसाठी हे पणाला लावावं असं मला वाटत नाही.

मग केव्हा? सर्जननं आणि फिजिओनं हो म्हटल्यावर, ढोबळमानानं असं : आता अंगणात गाडी बंद ठेवून, इंजिनाखाली स्टँड लावून, दोन्ही बाजूंनी माणूस उभा करून फूटपेगवर उभं राहायचा सराव. त्यानंतर डांबरी रस्त्यावर साधी मोटरसायकल. नऊ महिने भरले आणि चाचण्या पार झाल्या की सपाट मुरूम, अर्धा तास, दमायच्या आत थांबायचं. तुझे नऊ महिने ऑक्टोबरात भरतात, तेव्हा पाऊसही उघडलेला असेल. मग साधे डोंगरी रस्ते. उड्या, चाकोऱ्या, चिखल सगळ्यात शेवटी, वर्ष उलटल्यावर. ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या जांभ्यावर शेवाळ धरतं, त्यावर धडधाकट माणूस चालतानाही घसरतो. पहिल्यांदा परतायला ती जागाच नव्हे. आणि कधीही जाशील तेव्हा कासच्या पठारावर गाडी घालू नकोस. पातळ मातीच्या थरात उगवणारी फुलं आहेत ती, चाकानं गेलेली परत येत नाहीत.

पोटात गोळा येतो हे तू लिहिलंस, ते बरं केलंस. बहुतेक मुलं हे लपवतात आणि मग भीती मोडायची म्हणून मुद्दाम लवकर जातात. ही भीती इतकी नेहमीची आहे की एसीएलच्या रुग्णांचं मन खेळायला तयार आहे का हे बघायला २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १२ प्रश्नांची एक प्रश्नावलीच केली. फिजिओकडं माग, भरून दे आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा भर. घाबरलेला माणूस गाडीवर ताठ बसतो, आणि डावा गुडघा वाचवायच्या नादात वजन चुकीच्या बाजूला टाकतो. भीती जाते ती सोप्या जागी, सावकाश, पुन्हा पुन्हा चालवून. मित्रांनी चिडवल्यानं जात नाही.

आईला वेळेपुरतं शंभर टक्के बरोबर मान. किल्ली तिच्याकडंच राहू दे. पण पुढच्या वेळी सर्जनकडं जाताना तिला बरोबर ने. तिनं तुला जमिनीवरून उचलून आणलेलं पाहिलंय, आणि त्यानंतर बरं व्हायचा पुढचा रस्ता तिला कुणी समजावून सांगितलेला नाही. तो तिनं डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. नऊ महिने आणि चाचण्या झाल्या की मग किल्ली, असं तिच्यासमोर ठरव आणि पाळ. ती विकायचं म्हणते ते घाबरून. कधीतरी परत देईन असं तिला वाटावं यासाठी आधी तुझा शब्द पाळलेला तिला दिसायला हवा.

मधल्या काळात गुडघा सटकला, अडकून बसला, अचानक सुजला किंवा ताप येऊन गरम-लाल झाला तर मला पत्र लिहीत बसू नकोस, थेट सर्जनकडं जा. पोटरी दुखून सुजली तर त्याच दिवशी जा.

फिजिओची वेळ मात्र याच आठवड्यात घे. जाताना डिस्चार्ज कार्ड ने आणि राइडचे बूटही पिशवीत घालून ने. ते घालून पायरी उतरताना आणि वळताना तुझा गुडघा काय करतो, हे त्यांना बघू दे.